पायथन लवकर शिकायचंय? अडकल्यावर कुठे जायचं ते आधी ठरवा

मी इचलकरंजीत एका सूत व्यापाऱ्याकडे हिशेब बघतो. महिनाअखेरीला वेगवेगळ्या कारखानदारांकडून आलेल्या पंधरा-वीस एक्सेल फाइली एकत्र करायच्या, बिलं जुळवायची आणि थकबाकीची यादी साहेबांपुढे ठेवायची, हे माझं काम. त्यात पुरे दोन दिवस जायचे. हे काम पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेकडून करून घेता येतं असं कानावर आलं आणि वयाच्या ४३व्या वर्षी मी शिकायला बसलो. पहिल्या खेपेला चार महिने घालवून हाती काही लागलं नाही. दुसऱ्या खेपेला सहा आठवड्यांत यादी तयार होऊ लागली.

दोन्ही वेळी डोकं तेच होतं, लॅपटॉपही तोच. पहिल्या खेपेला अडकलो की मी नुसता बसून राहायचो. एका राहिलेल्या कंसापायी तीन रात्री गेल्या आहेत माझ्या. दुसऱ्या खेपेला कुठल्या अडचणीला कुठे जायचं ते ठरलेलं होतं. प्रोग्रामिंग शिकताना धडे वाचायला फार वेळ लागत नाही, खरा वेळ खाते ती अडकून पडण्याची सवय. म्हणून पायथन स्वतः शिकवण्याच्या भानगडीत मी इथे पडणार नाही. ते शिकताना मदत कुठून आणि कशी मिळवायची तेवढं सांगतो. दुसरी भाषा शिकत असाल तर संकेतस्थळांची नावं बदलतील, पायऱ्या बहुतेक याच राहतील.

## आधी एक काम पकडा

"मला पायथन शिकायचंय" असं म्हणणाऱ्याला कोणी नीट मदत करू शकत नाही, कारण त्याला काय हवंय ते त्यालाच माहीत नसतं. वेबसाइट बनवणारा, शेअरबाजाराचे आकडे चाळणारा आणि माझ्यासारखा फाइली जोडणारा, तिघांचीही भाषा पायथनच. पण दुसऱ्या महिन्यापासून तिघांचे रस्ते फुटतात.

कागदावर एक वाक्य लिहा: कुठला माल आत जाणार आणि काय बाहेर यायला हवं. माझं वाक्य होतं, "एका फोल्डरमधल्या सगळ्या एक्सेल फाइली वाचून प्रत्येक पार्टीची थकबाकी एका फाइलमध्ये यावी." तुमचं असेल सोसायटीच्या मेंटेनन्सची यादी, शाळेचे निकालपत्रक किंवा दूध संकलनाचा दहा दिवसांचा हिशेब. काम छोटं असलं तरी चालेल, पण ते तुमच्या रोजच्या आयुष्यातलं असावं. उत्तर बरोबर आहे की चूक हे तुम्हाला बघताक्षणी कळलं पाहिजे.

नोकरीसाठी शिकणाऱ्यांनाही मी हेच सांगतो. मुलाखतीत "हे मी केलं" म्हणून दाखवायला तेवढंच हाताशी असतं.

## जोडणी: अर्धा दिवस द्या, जास्त नको

विंडोजवर पायथन टाकताना इन्स्टॉलरच्या पहिल्याच पडद्यावर खाली एक चौकोन असतो, पायथन 'पाथ'मध्ये जोडायचा का असं विचारणारा. त्यावर टिक करा. ही टिक राहिली की पुढे "पायथन सापडत नाही" असा संदेश येतो आणि माणूस स्वतःच्या बुद्धीवर शंका घेऊ लागतो. इन्स्टॉलर पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. त्याच्यासोबत आयडल नावाचा साधा एडिटर येतो. पहिल्या महिन्याला तो पुरतो.

लॅपटॉप नसेल किंवा ऑफिसच्या संगणकावर काही टाकायची परवानगी नसेल, तर गूगल कोलॅब ही पायथन लिहून चालवायची ऑनलाइन सोय ब्राउझरमध्येच चालते. मोबाइलवरही चालते, फक्त बोटांना वैताग येतो.

कुठला एडिटर चांगला, कुठली थीम डोळ्यांना बरी, यावर व्हिडिओ बघत बसू नका. मी त्यात एक अख्खा रविवार घालवला आहे.

## मुख्य वाट एकच, पण निवडून

पहिल्या खेपेला मी सात ठिकाणी नाव घातलं होतं आणि सातही ठिकाणी तिसऱ्या धड्यापर्यंत पोचलो होतो. एक वाट धरा. माझ्या माहितीतल्या, फुकट आणि भरवशाच्या वाटा सांगतो.

मराठीतून ऐकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे धडे बघा. साधारण दहा-दहा मिनिटांचे असतात आणि त्यांतल्या पायथनच्या धड्यांना मराठी आवाजही दिलेला आहे. एका बाजूला व्हिडिओ आणि दुसऱ्या बाजूला आपला पडदा ठेवून, थांबवत थांबवत करून बघायची त्यांची पद्धत आहे. इंग्रजीची धास्ती असणाऱ्याला याच्यासारखी सुरुवात नाही. एक सावधगिरी मात्र घ्या. त्यांतले काही धडे पायथनच्या जुन्या आवृत्तीवर आहेत. ओळखायची खूण सोपी: धड्यात 'प्रिंट' या छापायच्या हुकमानंतर कंस नसेल तर तो पायथन २ आहे. त्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली. कल्पना समजून घ्या, पण टाइप करताना कंस घाला.

वर्गात बसल्यासारखं शिकायला आवडत असेल तर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आयआयटी रोपारच्या सुदर्शन अय्यंगार यांचा 'जॉय ऑफ कम्प्युटिंग युजिंग पायथन' हा अभ्यासक्रम आहे. ते गप्पा मारत शिकवतात. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद यांचा पायथनवरचा अभ्यासक्रम त्याहून कसदार आणि कठीण आहे. इंजिनिअरिंगच्या मुलांनी तोच घ्यावा. दोन्ही फुकट बघता येतात. शुल्क लागतं ते परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तर.

इंग्रजी बऱ्यापैकी समजत असेल तर हार्वर्डच्या डेव्हिड मॅलन यांचा पायथनचा मोफत अभ्यासक्रम घ्या. दहा भाग आहेत आणि प्रत्येकाला गृहपाठ. मला त्यांचा क्रम आवडला. चूक आली तर काय करायचं, हे ते चौथ्याच भागात शिकवतात. बहुतेक क्लासमध्ये तो विषय शेवटी उरकतात.

आणि एक्सेल, पीडीएफ, फोल्डर अशा कारकुनी कामांसाठी अल स्वायगार्ट यांचं 'ऑटोमेट द बोअरिंग स्टफ विथ पायथन' लेखकानेच इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवलं आहे. मी हीच वाट धरली, कारण माझं काम त्यात जवळजवळ तसंच्या तसं होतं.

पायथनच्या संकेतस्थळावर अधिकृत ट्युटोरियलही आहे. ते उत्तमच आहे, पण ते लिहिलंय आधी दुसरी एखादी भाषा येणाऱ्यांसाठी. सी किंवा जावा येत असेल तर तिसरं, चौथं, पाचवं आणि सातवं प्रकरण एका आठवड्यात वाचून काढा. नववं प्रकरण, पायथनमधल्या 'क्लास' या कल्पनेवरचं, तूर्तास सोडा. कोरी पाटी घेऊन बसला असाल तर हे ट्युटोरियल संदर्भासाठी राहू द्या.

## लाल अक्षरांतली शेवटची ओळ

या विभागाला सगळ्यात जास्त वेळ द्या.

आमच्या शेजारची मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. मी अडकलो की लॅपटॉप काखेत मारून तिच्याकडे जायचो. तिसऱ्या दिवशी ती हसून म्हणाली, "काका, लाल दिसलं की लॅपटॉप मिटताय कशाला? शेवटची ओळ वाचा की."

"इंग्रजी आहे गं ते."

"चार शब्दांचं इंग्रजी आहे. बिलावर जीएसटीचं इंग्रजी वाचताय न्हवं रोज?"

पायथन अडला की 'ट्रेसबॅक' नावाचा लांबलचक मजकूर छापतो. तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या ओळीत चुकीचा प्रकार आणि कारण असतं, तिच्या वर कोडची ती ओळ आणि ओळीचा क्रमांक. पायथन ३.१० पासून हे संदेश बरेच सुधारले. नावात अक्षर चुकलं तर "तुम्हाला हे म्हणायचं होतं का?" असं विचारतो. ३.११ पासून ओळीत नेमकं कुठे बिनसलं तिथे खाली टोप्या (^) काढून दाखवतो. म्हणून जुनी आवृत्ती असेल तर आधी नवी टाका. आयती मिळणारी मदत आहे ती.

नवशिक्याच्या दहातल्या आठ अडचणी पुढच्या मोजक्या नावांत बसतात. माझ्या चुकांच्या वहीतून उतरवतो.

नेमएरर: नाव चुकीचं लिहिलंय, किंवा मजकुराला अवतरण चिन्ह घालायचं राहिलंय.

इंडेंटेशनएरर: ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा कमी-जास्त झाली. पायथनमध्ये ती जागा व्याकरणाचा भाग आहे. व्हॉट्सॲपवरून कोड कॉपी केला की हे हमखास होतं.

टाइपएरर: आकड्यात मजकूर मिसळला. 'इनपुट'ने घेतलेली प्रत्येक गोष्ट मजकूरच असते, तुम्ही ५ टाइप केलं तरी. आधी तिचा आकडा करून घ्यावा लागतो.

मॉड्यूलनॉटफाउंडएरर: बाहेरची लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड) टाकलेली नाही, किंवा एका पायथनमध्ये टाकली आणि दुसरंच पायथन चालू आहे. एकाच संगणकावर दोन पायथन असणं फार कॉमन आहे.

फाइलनॉटफाउंडएरर: प्रोग्राम ज्या फोल्डरमधून चालतोय तिथे ती फाइल नाही. विंडोजवर एक्सटेन्शन (नावाच्या शेवटी टिंबानंतरची अक्षरं) लपवलेलं असतं, त्यामुळे फाइलचं खरं नाव वेगळंच निघतं.

विंडोजवाल्यांसाठी एक खास सापळा आहे. 'सी' ड्राइव्हमधल्या 'युझर्स' फोल्डरचा पत्ता जसाच्या तसा अवतरणात चिकटवला की 'युनिकोडएस्केप' असा अगम्य संदेश येतो. उलट्या तिरक्या रेघेपुढचं (\) अक्षर पायथन खुणेसारखं वाचतो, म्हणून हे होतं. अवतरणाच्या आधी इंग्रजी 'आर' लावा किंवा सगळ्या रेघा दुसऱ्या बाजूला झुकलेल्या (/) करा. माझी आणखी एक रात्र याच्यापायी गेली.

आणि आपल्या फाइलला लायब्ररीचंच नाव देऊ नका. 'रँडम' ही लायब्ररी शिकतोय म्हणून फाइलचं नावही 'रँडम' ठेवलं, की पायथन खऱ्या रँडमऐवजी तुमचीच फाइल उघडतो आणि म्हणतो, यात तसलं काही नाही.

## मराठी मजकूर असेल तर

हा भाग इंग्रजी धड्यांत सापडत नाही म्हणून वेगळा लिहितो. तुमच्या फाइलीत पार्टीची नावं मराठीत असतील, तर विंडोजवर फाइल उघडताना 'एन्कोडिंग' (अक्षरं साठवायची पद्धत) म्हणून यूटीएफ-८ स्पष्ट सांगा. न सांगितल्यास 'चारमॅप'चा एरर येतो किंवा नावांच्या जागी किडेमुंग्या दिसतात. पायथनने लिहिलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठी फाटलं, तर लिहिताना 'यूटीएफ-८-सिग' द्या. एवढ्याने काम होतं.

जुन्या यादीत श्रीलिपी किंवा कृतिदेवसारखे फॉन्ट असतील तर मात्र ते यूटीएफने सुटत नाही. तिथे दिसायला मराठी असतं, आत भलतीच अक्षरं साठवलेली असतात. आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. एन्कोडिंगशी झटापट करत बसलात तर दिवस जाईल आणि हाती काही लागणार नाही.

गंमत म्हणून एक करून बघा. 'नमस्ते' या शब्दाची लांबी पायथनला विचारा. तो ६ सांगतो, कारण पाय मोडण्याची खूण आणि मात्रा तो वेगळ्या मोजतो. व्हेरिएबलला (माहिती साठवायच्या डब्याला) 'थकबाकी' असं देवनागरीत नाव दिलं तरी पायथन ३ ते मुकाट स्वीकारतो. वापरणाऱ्याने इनपुटमध्ये २५ हे देवनागरी आकडे टाकले तरी त्याचा पूर्णांक बरोबर होतो. मात्र कोडमध्येच देवनागरी आकडा लिहिलात तर नाही चालत. माझ्या कोडमध्ये नावं मी इंग्रजीच ठेवतो, कारण उद्या कोणाला दाखवायचं झालं तर कीबोर्ड सारखा बदलावा लागतो.

## माणसाकडे जाण्याआधी: वीस मिनिटं

अडकलात की घड्याळ बघा आणि वीस मिनिटं स्वतः झगडा. त्याहून कमी झगडलात तर शिकणं होत नाही आणि जास्त झगडलात तर रात्र जाते. या वीस मिनिटांत काय करायचं, तर पुढच्या क्रमाने चला.

शेवटची ओळ मोठ्याने वाचा आणि मराठीत सांगा. खरंच मोठ्याने. घरातले बघतील, बघू द्या.

जिथे अडलं त्याच्या आधी 'प्रिंट' घालून व्हेरिएबलमध्ये काय आहे ते बघा, आणि 'टाइप' छापून ते आकडा आहे की मजकूर ते बघा. आपल्याला जे आहे असं वाटतं आणि जे खरोखर असतं, यातच बहुतेक वेळा गोम असते.

पायथनच्या आतच 'हेल्प' नावाचं फंक्शन (ठरलेलं काम करणारा हुकूम) आहे. कंसात कुठल्याही फंक्शनचं नाव दिलं की त्याची माहिती येते. बाहेर पडायला 'क्यू' दाबावं लागतं कधीकधी, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी खिडकीच बंद करायचो. 'डिर' दिलं की त्या वस्तूला काय काय करता येतं त्याची यादी मिळते.

लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड) डोक्यात बसत नसेल तर 'पायथन ट्युटर' हे संकेतस्थळ उघडा. फिलिप ग्युओ यांनी बनवलंय. कोड चिकटवला की एकेक ओळ चालवून कुठल्या नावात कधी काय साठतं ते चित्रात दाखवतं. लिस्टची कॉपी केली असं वाटतं आणि दोन्ही नावं एकाच लिस्टकडे बोट दाखवत असतात, हा प्रकार मला कोणाच्याही शब्दांनी कळला नव्हता. तिथले बाण बघून दोन मिनिटांत कळला.

मग शोध. संदेशाची शेवटची ओळ कॉपी करा, त्यातली तुमच्या फाइलची आणि पार्टीची नावं काढा, पुढे 'पायथन' लिहा आणि शोधा. २००८ साली सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर बहुतेक प्रश्न आधीच कोणीतरी विचारून ठेवलेले आहेत. उत्तराची तारीख बघा. २०१२ चं उत्तर पायथन २ मधलं असू शकतं.

## चॅटबॉटला विचारताना

आता पहिला हात तिकडेच जातो, आणि मला त्यात वावगं वाटत नाही. मराठीत विचारलं तरी समजावून सांगतो, रात्री दोन वाजता वैतागत नाही, तोच प्रश्न पाचव्यांदा विचारला तरी "मघाशी सांगितलं ना" म्हणत नाही. शेजारच्या मुलीची परीक्षा चालू होती तेव्हा माझी सगळी भिस्त त्याच्यावर होती.

पण विचारायची तऱ्हा बदला. "थकबाकीचा प्रोग्राम लिहून दे" म्हणालात की तो लिहून देतो, चालतोही, आणि पुढच्या महिन्यात एक रकाना बदलला की तुम्ही पुन्हा शून्यावर. मी असं विचारतो: "हा माझा कोड, हा एरर. उत्तर देऊ नकोस. चूक कुठल्या ओळीत आहे याचा फक्त इशारा दे." किंवा "या तीन ओळी काय करतात ते मला माझ्या शब्दांत सांगू दे, चुकलं तर दुरुस्त कर." नवीन धडा झाला की त्याच्याकडून पाच छोटी गणितं मागून घेतो.

दोन बाबतींत हात आखडता ठेवा. ग्राहकांची नावं, जीएसटी क्रमांक, बँक खाती असलेली खरी फाइल त्याच्यापुढे ठेवू नका. तीन खोट्या ओळींची फाइल बनवा. आणि त्याने सुचवलेली लायब्ररी खरोखर आहे का, हे पायथनच्या पॅकेजांच्या अधिकृत भांडारात बघितल्याशिवाय टाकू नका. तो कधीकधी नसलेली नावं बिनधास्त सांगतो, आणि खऱ्या नावाशी मिळतीजुळती नावं घेऊन घातक पॅकेजं ठेवणारेही आहेत.

## माणसांना प्रश्न विचारायची रीत

आता माणसं. इथे आपल्याकडची एक सवय आड येते. आपण ग्रुपवर टाकतो, "कोणाला पायथन येतं का?" येणारे शंभर असतात, पण हो म्हटलं तर काय गळ्यात पडेल या धास्तीने गप्प बसतात. किंवा हे:

"सर, माझा प्रोग्राम चालत नाही, प्लीज लवकर मदत करा."

सोबत मोबाइलने काढलेला पडद्याचा तिरका फोटो, त्यात पंख्याचं प्रतिबिंब.

तोच प्रश्न असा विचारून बघा:

"विंडोज ११, पायथन ३.१२. ओपनपायएक्सएल ही लायब्ररी वापरून एका एक्सेल फाइलमधल्या 'रक्कम' रकान्याची बेरीज करतोय. १,२०० यायला हवेत. त्याऐवजी टाइपएरर येतो, पूर्ण संदेश खाली दिलाय. टाइप छापून पाहिला, पहिल्या दोन ओळींत आकडा आहे, तिसऱ्या ओळीत मजकूर. तिसऱ्या ओळीतली रक्कम एक्सेलमध्ये डावीकडे चिकटलेली दिसते. सोबत तीन ओळींची फाइल आणि आठ ओळींचा कोड."

असं लिहिता लिहिताच उत्तर सापडतं, माझं निम्म्या वेळा सापडलं. डावीकडे चिकटलेली रक्कम म्हणजे एक्सेलने ती मजकूर म्हणून साठवली आहे, आणखी काही नाही. कोणीतरी बिल टाइप करताना आकड्याच्या मधेच एक स्पेस सोडली होती.

नियम थोडक्यात: काय करायचंय, काय यायला हवं होतं, काय आलं, स्वतः काय करून पाहिलं, आणि अडचण दाखवणारा छोट्यात छोटा कोड. कोड अक्षरांत द्या, फोटो नको. दोनशे ओळींचा प्रोग्राम कोणी वाचत नाही. एकेक ओळ काढत जा आणि एरर टिकून आहे तोवर काढत राहा. ज्या ओळीला हात लावल्यावर एरर गेला, तीच ओळ.

कुठे विचारायचं? पायथनचा अधिकृत चर्चामंच आहे, त्यात मदतीचा स्वतंत्र विभाग आहे आणि वातावरण सौम्य आहे. डिस्कॉर्ड या चॅट ॲपवरच्या पायथनच्या गटात उत्तर पटकन येतं, पण गप्पांच्या ओघात प्रश्न वाहूनही जातो. स्टॅक ओव्हरफ्लो शिस्तीचं. आधी विचारलेला प्रश्न असेल तर बंद करतात, नमस्कार-चमत्कारही काढून टाकतात. तो अपमान समजू नका. इंग्रजीचं म्हणाल तर छोटी वाक्यं लिहा, व्याकरणाला कोणी हसत नाही. कोड आणि एरर नीट असले की भाषा निम्मी झालीच.

प्रत्यक्ष भेटायचं असेल तर पुण्यात 'पायथनपुणे' हा गट आहे. देशपातळीवर 'पायकॉन इंडिया' ही परिषद २००९ पासून भरते, २०११ साली ती पुण्यात झाली होती. नवशिक्याने तिथे भाषणं कळतील म्हणून जाऊ नये. चहाच्या वेळेत शेजारी उभ्या माणसाला "तुम्ही कामात पायथन कशाला वापरता?" एवढं विचारायला जावं. गावाकडे असाल तर जवळचं इंजिनिअरिंग किंवा बीसीएचं कॉलेज धरा. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवायची हौस असते. आठवड्यातून एक तास ठरवून घ्या, प्रश्न आधी लिहून न्या, आणि जे सुटलं ते पुढच्या वेळी करून दाखवा. आमच्या शेजारणीला मी फीचं विचारलं तर म्हणाली, "काका, मला तेवढं डेबिट-क्रेडिट समजावून सांगा." तिला अकाउंटिंगचा पेपर होता. सौदा झाला.

## पैसे देऊन क्लास लावायचा का?

पहिल्या खेपेच्या त्या सात ठिकाणांखेरीज मी एक क्लासही लावला होता, बराच वेळ त्यातच गेला. नाव सांगत नाही. पाटी मोठी होती, "शंभर टक्के नोकरी" लिहिलेलं होतं, पैसे आगाऊ घेतले. पहिले तीन आठवडे संगणकाला हात न लावता व्याख्या लिहून घेतल्या. पायथनचा जनक कोण, साल कोणतं. खिडो व्हान रॉसम, १९९१. पाठ झालं ते आजही आहे. फाइल कशी उघडायची ते मात्र चौथ्या महिन्यातही आलं नाही.

तरी क्लास वाईटच असतो असं माझं म्हणणं नाही. वेळेचं बंधन लागतं अशांना तो उपयोगी पडतो. फक्त पैसे देण्याआधी एक तास मागच्या बाकावर बसू द्या म्हणा. शिकवणारा फळ्यावर लिहितो की चालवून दाखवतो ते बघा. कोड चालवताना त्याचा स्वतःचा एरर आला तर तो काय करतो ते बघा. माझ्या मते एवढी एकच परीक्षा पुरते. जो न लपवता वाचतो आणि मोठ्याने विचार करत सोडवतो, त्याच्याकडे नाव घाला. आधीच्या बॅचच्या एखाद्या विद्यार्थ्याने बनवलेली वस्तू दाखवा म्हणा. आणि पूर्ण रक्कम एकदम देऊ नका.

## सहा आठवड्यांची माझी विभागणी

रोज एक तास, रविवारी तीन. पहिल्या दोन आठवड्यांत व्हेरिएबल, इफ, लूप, लिस्ट, डिक्शनरी आणि फंक्शन. यापलीकडे काही नाही. डिक्शनरीवर जास्त वेळ द्या. पार्टीच्या नावासमोर रक्कम, म्हणजे खातेवहीच ती. मला लूपपेक्षा डिक्शनरी आधी कळली.

तिसऱ्या आठवड्यात फाइली: आधी साधी टेक्स्ट, मग सीएसव्ही, मग एक्सेल. ओपनपायएक्सएल नव्या एक्सएलएसएक्स फाइली वाचतं, जुन्या एक्सएलएस वाचत नाही, त्या आधी एक्सेलमध्येच नव्या रूपात सेव्ह करून घ्या. चौथ्या आणि पाचव्या आठवड्यात फक्त आपलं काम, एक फाइल घेऊन सुरुवात, मग दोन, मग फोल्डर. खऱ्या फाइलींना हात लावण्याआधी त्यांची कॉपी करा. हे मी ठळक अक्षरांत लिहायला हवं होतं, कारण मी मार्चच्या थकबाकीवरच एप्रिलची लिहून मोकळा झालो होतो.

चुकांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा: तारीख, शेवटची ओळ, कारण, उपाय. माझी ३७ पानं भरली. दुसऱ्या महिन्यात तोच एरर आला की मी इंटरनेटच्या आधी वही उघडायचो.

सहाव्या आठवड्यात प्रोग्राम दुसऱ्याच्या हातात द्या आणि शेजारी बसू नका. मी तो ऑफिसातल्या पोऱ्याला दिला आणि बँकेत गेलो. दहा मिनिटांत फोन आला.

"साहेब, लाल आलंय."

"शेवटची ओळ काय म्हणते?"

"परमिशनएरर... परमिशन डिनाइड. पुढे आपल्या यादीच्या फाइलीचं नाव आहे." थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "थांबा साहेब, ती फाइल मी एक्सेलमध्ये उघडून ठेवलीय. बंद करून परत चालवतो."